कर्माचा भत्ता

गेल्या दिवाळीच्या सुटीत बुलढाण्यास एका स्नेह्यांच्या घरी मुलांच्या हाती एक जाड, सचित्र इंग्रजी पुस्तक आम्हांस दिसले. मार्व्हल या अमेरिकन कंपनीने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या खेळाचे ते नियमपुस्तक होय. एकाने निवेदक व्हावयाचे, बाकीच्यांनी एकेका अतिमानवी वीराचे सोंग घ्यावयाचे आणि तीन फासे टाकून त्याच्या पराक्रमाचा निकाल लावावयाचा, असा हा खेळ. घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यास पोरखेळ म्हणून नाक मुरडले. आमची तक्रार निराळी आहे. यात जी एक गोष्ट पोरखेळ होता कामा नये, नेमकी तीच तशी झाली आहे.

प्रथम गुण सांगू. मुलांस एकत्र बसवून, बोलते करून, कथा रचावयास लावणारा खेळ कोणत्याही घरास भूषणच आहे. हातघाई, चपळता, सहनशक्ती, सावधपणा, अहंता आणि तर्कबुद्धी ही सहा परिमाणे. वीराचा दर्जा एकपासून सहापर्यंत. मांडणी सुबक आहे.

परंतु 'कर्मा'चा नियम वाचताच आम्ही थबकलो. शब्द आपलाच, अर्थ मात्र वाटेत कोठे तरी गळून पडलेला! वीराच्या पदरी त्याच्या दर्जाइतके कर्म आरंभीच बांधलेले असते आणि त्यातील एक अंक खर्चून फासा पुन्हा टाकता येतो. म्हणजे जो अधिक बलवान, त्याचे कर्म अधिक! केल्यावाचून जे पदरात पडते, त्यास कर्म म्हणावे की भत्ता?

हा दोष खेळाच्या जातीचा आहे, असे कोणी म्हणू नये. याच वीरांचा जो खेळ १९८४ साली टीएसआर कंपनीने काढला होता, त्यातही कर्म होतेच. पण ते मिळवावे लागे. संकटातील माणसास वाचविले की ते वाढे. वीराने कोणाचा प्राण घेतला, तर साठलेले सारे कर्म एका क्षणात शून्य होई. आमच्याकडे परंपरेने ज्ञानदेवांच्या नावावर सांगितला जाणारा मोक्षपट घ्या. त्यात सद्गुणाची शिडी चढविते आणि दुर्गुणाचा साप खाली आणतो. घसरण्याचे भय दोहोंकडे खरे होते.

'अहो, हा खेळ आहे, कीर्तन नव्हे,' असे आम्हांस सुनावले जाईल. मान्य! पण खेळ जे शिकवितो ते प्रस्तावनेतून नव्हे, हिशेबातून शिकवितो. मूल ज्याचे गुण मिळतात तेच करावयास शिकते.

याच जिल्ह्यात सिंदखेडराजास १५९८ साली जिजाबाईंचा जन्म झाला. १६२९ साली निजामशाही दरबारात त्यांचे वडील लखुजी जाधव मारले गेले. तरीही त्या खचल्या नाहीत. या पुस्तकाच्या कोष्टकात त्यांचा दर्जा काय भरेल? आकाशात उडणाऱ्या वीरांपुढे त्या खालच्याच पायरीवर राहतील आणि त्या हिशेबाने त्यांचे कर्मही थोडकेच! ज्या मापाने असे उत्तर येते, ते मापच खोटे आहे. लोणारच्या दैत्यसूदनाची कथा लोक सांगतात, तीही त्याच्या बळासाठी नव्हे. लवणासुराने गांजलेल्यांस त्याने सोडविले यासाठी.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच: पुस्तक हिसकावून घेऊ नका. पेन्सिल घ्या आणि तो एक नियम खोडा. प्रत्येक वीराचे कर्म शून्यापासून लिहा. कोणास वाचविले तर वाढवा, कोणाचा प्राण घेतला तर पुसा. मग लोणारच्या काठाची एखादी कथा रचून तोच खेळ खेळा, आणि स्वतःही मुलांबरोबर बसा. फासे तेच राहतील. टाकणारा मात्र हात आखडून विचार करील.