फायबर पोहोचला; विजेचे काय?

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत जाऊन बसला. (मागासलेपणाला सरकार गोंडस नाव देते ते असे.) ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या ज्या योजनेस केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, तिचेच पुढे ‘भारतनेट’ झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित स्वरूपासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. केबल किती किलोमीटर पुरली याचा हिशेब मोठ्या हौसेने दिला जातो. ती जेथे संपते, त्या खोलीतील वायरिंगची चौकशी क्वचितच होते.

जुन्या टेलिफोनला ही अडचण नव्हती. एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टच्या बॅटरीतून तांब्याच्या तारेनेच त्याला वीज मिळे. गाव अंधारात असले तरी फोन बोलत असे. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. म्हणजे तंत्र बदलताच विजेची जबाबदारी एक्स्चेंजकडून ग्रामपंचायतीच्या खोलीकडे आली. परंतु ती पेलण्याची तयारी त्या खोलीत आहे काय, हे आधी पाहावयास हवे होते.

हिशेब अवघड नाही. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॉट-तास वीज साठते. ती दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच वापरावयाची, तर उरतात २४०. जाळ्याच्या उपकरणांना ५० वॉट लागत असतील, तर चार-साडेचार तासांची निश्चिंती झाली. मात्र त्याच बॅटरीवर संगणक आणि पंखा जोडून भार २०० वॉटवर नेला, की ही मुदत जेमतेम सव्वा तासावर येते. मग दोष ‘नेट’ला दिला जातो आणि सात-बाराच्या उताऱ्यासाठी आलेला शेतकरी रोजगार बुडवून परत फिरतो.

अर्थिंगची कथा याहून निराळी नाही. काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, वैशाखात भेगाळते. कोरड्या मातीचा विद्युतरोध वाढतो. श्रावणात समाधानकारक आलेले मोजमाप मे महिन्यात खरे राहीलच असे नाही, आणि वळिवाच्या विजा तर नेमक्या त्याच कोरड्या दिवसांच्या अखेरीस कडाडतात. त्यातच खांबावरचा न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या आसपास दाब चढू शकतो. अशा वेळी दहा-वीस वर्षांपूर्वी दिव्यापुरते केलेले वायरिंग नाजूक उपकरणांना काय संरक्षण देणार?

म्हणून उपकरण बसविण्याआधी विद्युत तपासणी सक्तीची करावी. मीटरपासून स्वतंत्र सर्किट, दाबवाढीपासून संरक्षण आणि उन्हाळ्यात मोजलेले अर्थिंग यांवाचून काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये. बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते. तिचा खर्च ठेकेदाराने सोसावयाचा की ग्रामपंचायतीने, हे करारातच लिहावे. आज हा प्रश्न पुष्कळदा बॅटरी संपल्यावर निघतो, आणि तेव्हा ग्रामसेवकाजवळ ना तरतूद असते, ना उत्तर.