प्लग लावणार कुठे?

माझ्या गाडीच्या डिकीत एक जाडजूड केबल आहे. देशी दुकानातून आणलेल्या आट्याच्या पिशव्यांखाली ती गेलं वर्षभर निवांत पडून आहे. २०२३ मध्ये मी प्लग-इन प्रायस घेतली तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये फुकट चार्जिंग होतं. मग आमची टीम दुसऱ्या इमारतीत हलली. तिथे चार्जर नाही. घर म्हणाल तर न्यू जर्सीतलं तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट. आता काय खिडकीतून वायर सोडू?

तर परवा एका मित्राचा फोन. "अरे, प्लग-इन हायब्रिड घेतोय. रोजचं बॅटरीवर, लांबचं पेट्रोलवर. दोन्हीकडून फायदा!"

मी विचारलं, "चार्ज कुठे करणार?"

"कॉम्प्लेक्सवाले बसवणार आहेत म्हणे चार्जर."

कधी? ते माहीत नाही!

हे 'दोन्हीकडून फायदा' प्रकरण आता माझ्या डोक्यात जातं. एरवी सर्व्हरच्या भाड्यावरून तासभर वाद घालणारे आपण, गाडी घेताना मात्र स्टिकरवरचा आकडा बघून पाघळतो. माझ्या गाडीचा आकडा १२७ एमपीजीई. यात ३३.७ युनिट वीज म्हणजे एक गॅलन पेट्रोल असं धरतात. म्हणजे ही ऊर्जेची तुलना झाली. तुम्हाला वीज काय भावाने पडते, याच्याशी त्या आकड्याला काही देणंघेणं नाही.

पैशांचा हिशोब आपणच करू. पूर्ण चार्जवर गाडी ४४ मैल जाते, त्याला साधारण साडेअकरा युनिट लागतात. युनिटला १८ सेंट धरा, झाले २ डॉलर ७ सेंट. बिनप्लगची साधी प्रायस (एलई मॉडेल) गॅलनला ५७ मैल देते. पेट्रोल ३ डॉलर २० सेंट धरलं तर तेच ४४ मैल २ डॉलर ४७ सेंटमध्ये. रोजची बचत ४० सेंट! वर्षाचे अडीचशे दिवस रोज पूर्ण चार्ज वापरला तर शंभर डॉलर. आणि २०२५ च्या मॉडेल्समध्ये सगळ्यात स्वस्त प्लग-इन आणि सगळ्यात स्वस्त साधी प्रायस यांच्या किमतीत फरक आहे सुमारे पाच हजारांचा. म्हणजे पैसे वसूल व्हायला पन्नास वर्षं. तोवर नातवंडं गाडी चालवतील.

कॅलिफोर्नियावाल्यांनी वीज ३५ सेंट आणि पेट्रोल ४ डॉलर ६० सेंट धरून बघावं. चार्जिंगच महाग पडतं.

"पण माझी आत्ताची एसयूव्ही २२ मैलच देते!" मान्य. तिला ४४ मैलांना ६ डॉलर ४० सेंट लागतात. पण त्यातले जवळपास चार डॉलर साधी हायब्रिडच वाचवते. प्लगमुळे वाचतात ते वरचे ४० सेंट. सेल्समन नेमकी ही मधली पायरी गाळतो.

आणि प्लग लावलाच नाही तर? ईपीएच्याच आकड्यांनुसार माझी गाडी नुसत्या पेट्रोलवर ५२ देते, कारण मोठ्या बॅटरीचं ओझं सतत सोबत असतं. न वापरलेला कोड निदान पेट्रोल तरी पीत नाही. बरं, हा आळस माझ्या एकट्याचा नाही. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये २०२१ सालच्या गाड्यांची आकडेवारी दिली, त्यात प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. लोक चार्जच करत नाहीत हे त्याचं एक मोठं कारण.

मग घ्यावी कोणी? स्वतःचं गॅरेज, रात्रीचा स्वस्त दर आणि रोजचे तीस-चाळीस मैल असतील तर जरूर विचार करा. तरी युनिट १० सेंटला पडलं तर वसुलीला पंधरा वर्षं लागतात. शांत चालते, गल्लीत धूर सोडत नाही, म्हणून घेणार असाल तर माझं काही म्हणणं नाही, ते चांगलंच कारण आहे. फक्त त्याला बचत म्हणू नका. आणि केंद्र सरकारच्या करसवलतीची आशाही सोडा, ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती नाही.

मित्र चिडला. "स्वतः घेतलीस आणि मला शिकवतोस?"

अरे बाबा, घेतली म्हणूनच तर सांगतोय!

असो. शोरूमला जायच्या आधी विजेचं बिल काढा, युनिटचा दर बघा आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन प्लग शोधा. सापडला नाही तर साधी हायब्रिड घ्या. आणि कोणाला केबल हवी असेल तर कळवा. जवळपास कोरी आहे.