पेट्रोलचा भाव लिटरवर, गाडीची धाव ऊर्जेवर

हुडकेश्वर, म्हाळगीनगर, नरसाळा, पिपळा या नागपूरच्या दक्षिण टोकाकडच्या भागांत जशी वस्ती वाढत गेली, तसा छोट्या मालवाहू गाड्यांचा राबताही वाढला. कळमन्याच्या बाजारातला भाजीपाला, नव्या लेआउटमधल्या बांधकामांचे सिमेंट आणि टाइल्स, पाण्याचे कॅन, घर बदलणाऱ्या कुटुंबाचे सामान, हे सगळे छोटा हत्ती (टाटा एस) आणि त्याच्या जातीच्या पिकअप वाहून नेतात. अशा गाडीचा मालक बहुतेक वेळा तिचा चालकही असतो. दिवसभराच्या भाड्यातून इंधन, बँकेचा हप्ता आणि दुरुस्ती वजा जाता जे उरेल, त्यावर त्याचे घर चालते. म्हणून पंपावर कोणते पेट्रोल भरायचे, हा त्याच्यासाठी रोजच्या कमाईचा प्रश्न आहे. यावरची चर्चा बहुधा साधे की प्रीमियम एवढ्यावरच थांबते. खरा प्रश्न मात्र असा आहे की, त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे आणि त्याची गाडी किती इथेनॉलसाठी बनलेली आहे. हे ठरवायला लागणारी माहिती पंपावर मिळाली पाहिजे, जुन्या गाड्यांना पर्याय मिळाला पाहिजे, आणि इंधनातली ऊर्जा कमी झाली असेल तर भावही त्या प्रमाणात उतरला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आधी महागड्या पेट्रोलचा गैरसमज दूर करू. प्रीमियम पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते, अशी समजूत सर्रास आढळते. ऑक्टेनचा आकडा मात्र ताकद सांगत नाही. सिलिंडरमध्ये दाब वाढत असताना ठिणगी पडण्याआधीच किंवा भलत्याच वेळी पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, एवढेच तो सांगतो. ज्या इंजिनात हवा-इंधनाचे मिश्रण फार दाबले जाते, त्याला जास्त ऑक्टेन लागते. भाड्याने फिरणाऱ्या छोट्या पिकअपचे इंजिन त्या प्रकारचे नसते. टाटा एस गोल्डचे पेट्रोल इंजिन जेमतेम ७०० सीसीचे, दोन सिलिंडरचे आहे. मारुती सुपर कॅरीचे १२०० सीसीच्या आसपासचे. कंपनीने पुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनपेक्षा वरचे पेट्रोल भरल्याने अशा इंजिनाला लक्षात येण्याजोगा फायदा मिळत नाही. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ असते, आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते ९५ च्या घरात जाते, असे सरकारच सांगते. चढावर किंवा जास्त माल असताना गाडी ठकठक आवाज करत असेल, तर कारण बहुधा क्षमतेबाहेरचा माल, साचलेला कार्बन, जुने स्पार्क प्लग किंवा तापलेले इंजिन यांत सापडते. त्यावर लिटरमागे जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे सर्व्हिसिंगवर खर्च करणे शहाणपणाचे.

आता इथेनॉलचा हिशेब पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोलचा पाचवा भाग काढून तिथे इथेनॉल घातले, तर त्या पाचव्या भागातली एक तृतीयांश ऊर्जा कमी होते. म्हणजे एकूण ऊर्जा साधारण साडेसहा टक्क्यांनी घटते. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल मिश्रणाच्या आराखड्यातला अंदाजही याच्याशी जुळतो. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकी गाड्यांचे मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि १० टक्क्यांसाठी आखून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी, असे त्यात म्हटले आहे. या दोन आकड्यांमधला फरकच सांगतो की तेच इंधन एका गाडीला परवडते आणि दुसरीला महाग पडते.

देशात १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठले गेले. २० टक्क्यांचे लक्ष्य मुळात २०३० चे होते. ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. आराखड्यानुसार २० टक्के मिश्रण सोसणारे रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून, आणि त्यासाठी जुळवलेली इंजिने एप्रिल २०२५ पासून यायची होती. इथेच छोट्या मालवाहू गाड्यांची अडचण उभी राहते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले, छोटी डिझेल इंजिने महाग पडू लागली, मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणेच थांबवले, आणि या वर्गात पेट्रोल पिकअपला मागणी आली. नियम पाळून, कर्ज काढून २०२० ते २०२३ या काळात ज्यांनी नवी पेट्रोल पिकअप घेतली, त्यांची गाडी मानकाने नवी असूनही इंधनाच्या बाबतीत मधल्या पिढीत अडकली. समजा अशी एक गाडी दिवसाला दहा लिटर पेट्रोल खाते. आधीही तिच्यात १० टक्के इथेनॉल जातच होते, म्हणून नवी घट साडेतीन टक्केच धरू. तेवढ्याच फेऱ्यांसाठी रोज सुमारे एक तृतीयांश लिटर जास्त लागेल. लिटरचा भाव शंभरीच्या पुढे असताना महिन्याच्या पंचवीस दिवसांत हा बोजा नऊशे रुपयांच्या आसपास जातो. मोटारीतून कचेरीत जाणाऱ्याला हा आकडा जाणवणार नाही. भाडे आधीच ठरवून माल उचलणाऱ्याला तो आपल्या खिशातून भरावा लागतो.

मालकाच्या हातात काय आहे, तेही स्पष्ट सांगायला हवे, कारण मागण्या मान्य होईपर्यंत गाडी तर रोज चालवायचीच आहे. पहिले काम म्हणजे पुस्तिका आणि इंधनाच्या झाकणाजवळचा स्टिकर वाचणे, आणि शंका असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घेणे. दुसरे काम इंधन फिल्टरचे. इथेनॉल चांगला द्रावक असल्याने जुन्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. जुन्या गाडीचा फिल्टर त्यामुळे ठरल्या अंतराच्या थोडा आधी बदलणे स्वस्तात पडते. पंप आणि इंजेक्टर बदलण्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. तिसरे, पाणी. इथेनॉल ओलावा ओढून घेते, आणि पाणी ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. नेमका तोच थर पंप आधी खेचतो, आणि गाडी चालता चालता बंद पडते. म्हणून जून ते सप्टेंबर टाकीचे झाकण आणि त्याचे रबर घट्ट आहे ना हे पाहावे, गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर टाकी तळाला जाऊ देऊ नये, आणि महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर जुने पेट्रोल तसेच ठेवू नये. उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा टाकीतले पेट्रोलच इंधन पंपाला थंड ठेवते. रिझर्व्हवर गाडी ओढत राहिल्याने पंपाचे आयुष्य घटते. रबरी नळ्या कडक झाल्या, त्यांना भेगा पडल्या किंवा पेट्रोलचा वास येऊ लागला, तर त्या त्याच दिवशी बदलाव्यात, कारण तिथे प्रश्न आगीचा असतो. आणि टायरमधली हवा व क्षमतेएवढाच माल, हे दोन नियम पाळले तर मायलेजमधली बरीचशी घट भरून निघू शकते.

पंपावरचे हक्कही वापरायला हवेत. ग्राहक पाच लिटरच्या प्रमाणित मापातून पेट्रोल मोजून मागू शकतो, फिल्टर पेपरवर थेंब टाकून चाचणी करून घेऊ शकतो आणि घनता तपासायला सांगू शकतो. मोठा पाऊस झाल्यावर लगेच टाकी भरताना तर हे विचारायलाच हवे, कारण पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरले तर इथेनॉलमिश्रित पेट्रोल साध्या पेट्रोलपेक्षा लवकर बिघडते. मात्र चालकाने कितीही जागरूकता दाखवली, तरी नोझलमधून येणाऱ्या पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण त्याला डोळ्यांनी कळत नाही. गाडी किती इथेनॉल सोसते, हे कंपनीने गाडीवर स्टिकर लावून दाखवावे, असा केंद्राचा २०२१ चा नियम आहे. मग पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे, हे नोझलवर ठळक मराठीत लिहिलेले का नसावे? युरोपीय संघात २०१८ पासून गाडीच्या झाकणावर आणि पंपाच्या नोझलवर एकसारखी चिन्हे असतात. दोन्ही जुळतात की नाही, एवढेच चालकाने पाहायचे.

माझ्या मागण्यांवरचा सर्वांत वजनदार आक्षेप देशहिताचा आहे. भारत गरजेच्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल आयात करतो. इथेनॉल मिश्रणामुळे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालय सांगते. साखर कारखान्यांकडची ऊस उत्पादकांची थकबाकी कमी झाली, मक्याला नवी बाजारपेठ मिळाली, हेही खरे आहे. विदर्भात ऊस फारसा नसला, तरी सोयाबीन आणि कापसाच्या भावाने सतत दगा दिलेल्या शेतकऱ्याला मक्याचा पर्याय मोलाचा वाटू शकतो. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी या धोरणाची बाजू वर्षानुवर्षे मांडत आले आहेत, आणि त्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण लाभ सगळ्या देशाचा असेल, तर त्याची किंमतही सगळ्या देशाने मिळून मोजायला हवी. आज ती जुन्या गाडीच्या मालकाकडून, त्याला न विचारता, दर लिटरमागे वसूल होते. धोरण चांगले असले म्हणून त्याची वाटणी आपोआप न्याय्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात स्वच्छ लिहिले होते की जास्त मिश्रणाच्या इंधनाचा भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल. सरकारचे उत्तर असे की तेव्हा इथेनॉल स्वस्त होते; २०२५ मध्ये वाहतूक आणि जीएसटी धरून त्याची सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१ रुपयांवर गेली आणि ती शुद्ध पेट्रोलच्या उत्पादन खर्चाहून जास्त झाली. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पंपावर आपण देतो त्या रकमेत केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट यांचा वाटा मोठा आहे. मिश्रणासाठीच्या इथेनॉलवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणताना कर कमी करण्याची इच्छा दिसली होती. तीच इच्छा ग्राहकाच्या बाजूने दाखवता येईल. हा प्रयोग जगावेगळाही नाही. ब्राझीलमध्ये फ्लेक्स इंधनाच्या, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून आहेत. तिथला चालक पंपावर दोन भाव पाहतो आणि इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून स्वस्त असेल तरच ते भरतो, कारण तेवढ्या भावात किलोमीटरचा खर्च सारखा पडतो. तिथे इथेनॉल लोकप्रिय आहे ते ग्राहकाला हा हिशेब करण्याची मोकळीक असल्यामुळे.

तिसरा आक्षेप सोयीचा: एका पंपावर दोन प्रकारचे पेट्रोल ठेवणे अवघड आहे. पण प्रीमियम पेट्रोलसाठी वेगळी टाकी आणि वेगळी नोझल अनेक पंपांवर आजही आहे. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण सर्वत्र आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल चालू ठेवले. आपल्या आराखड्यातही जुन्या गाड्यांसाठी १० टक्के मिश्रण उपलब्ध ठेवण्याची सूचना होतीच. या विषयावरची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे हा निर्णय आता सरकारनेच घ्यायचा आहे. प्रत्येक गावात दोन इंधने देता येणार नाहीत, हे मी मान्य करतो. नागपूरसारख्या शहरात, रिंग रोडवर आणि बाजारांच्या आसपासच्या मोजक्या पंपांवर, पुढची आठ-दहा वर्षे जुन्या गाड्या बाद होईपर्यंत हे करणे मात्र अशक्य नाही.

इथेनॉलचा प्रयोग नागपूरला नवा नाही. २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी देशातली पहिली बस याच शहरातून धावली. त्या बसचे इंजिन इथेनॉलसाठीच बनवलेले होते, म्हणून ती त्या इंधनावर चालली. इंजिन आणि इंधन यांची जोडी जमली पाहिजे, हा साधा नियम तेव्हा पाळला गेला. हुडकेश्वरच्या पिकअपवाल्यासाठीही तो पाळला जावा. नोझलवर टक्केवारी, जुन्या गाड्यांसाठी निवडक पंपांवर १० टक्के मिश्रण, आणि ऊर्जेच्या प्रमाणात भाव, या तीन गोष्टी मागताना इथेनॉलला विरोध करण्याची गरज नाही. उलट, ज्याच्या टाकीत हे इंधन रोज जाते त्याचा विश्वास टिकवायचा असेल, तर सरकारने आणि तेल कंपन्यांनी त्या स्वतःहून कराव्यात, आणि सुरुवात सर्वांत कमी खर्चाच्या कामापासून करावी: नोझलवर इथेनॉलचा आकडा लिहावा.