आडनांव धंद्याचें, कीं जातीचें?

सन २०२५ मध्यें बीड जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनीं पोलिसांच्या पाट्यांवरून आडनांव काढून नुसतें पहिलें नांव ठेवावयास लावलें. आडनांवावरून जात ताडून कोणी न्याय तोलूं नये, हा हेतु. आडनांवाचा एवढा अपराध काय, हें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस घटकाभर विलायतेंत नेतों.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. पुढील तीन-चारशें वर्षांत तेथें आडनांवें रुजलीं. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार. स्कॉटलंडांतील 'मॅक' म्हणजे पुत्र. मॅकडोनाल्ड हे डोनाल्डचे वंशज. स्ट्यूअर्ट म्हणजे कारभारी. तें घराणें १३७१ सालीं स्कॉटलंडच्या गादीवर बसलें. आपल्याकडेही तोच प्रकार. लोहार, सुतार, कुंभार हीं धंद्याचीं; पाटील, देशमुख, कुलकर्णी हीं वतनाचीं; माजलगांवकर, अंबाजोगाईकर हीं गांवाचीं.

मग फरक कोठें? स्मिथाच्या पोरानें ऐरण सोडली तेव्हां नांव तेवढें उरलें. १७७६ सालीं अर्थशास्त्राचा थोर ग्रंथ प्रसिद्ध करणारा अॅडम स्मिथ नांवानें लोहारच! १९७९ ते १९९० इंग्लंडच्या पंतप्रधान असलेल्या थॅचरबाईंचें सासरचें आडनांव छपरें शाकारणाऱ्याचें. तेथेंही गरीब-श्रीमंत, उच्च-नीच आहेतच. पण स्मिथ म्हटल्याबरोबर कोणी जात ताडीत नाहीं. आपल्याकडे भाता विझून तीन पिढ्या लोटल्या तरी जात विझत नाहीं.

बरें, हें माप तरी खरें आहे काय? जाधव, पवार, गायकवाड हीं आडनांवें अनेक जातींत आहेत. पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, मुसलमानांतही आहेत. खोट्या मापानें धान्य मोजणाऱ्या वाण्यास आपण शिव्या देतों, आणि त्याच मापानें माणूस मोजतों!

पाट्या बदलल्या, बरें झालें. परंतु मन न बदलेल तर पुढचा प्रश्न ठरलेलाच: "गांव कोणतें? पाव्हणे कोठले?" बांधवांनो, आडनांवाची लाज धरून तें टाकूं नका, ऐरणीवर, चाकावर, कुळवामागें घाम गाळून वाडवडिलांनीं तें मिळविलें आहे. टाकावयाची ती जात हुंगण्याची खोड. मत देतांना, फिर्याद ऐकतांना, सोयरीक जुळवितांना ती टाकाल, तर पाटीवर आडनांव असलें काय अन् नसलें काय!