टुंड्रातील घरट्यांची खंडित मोजणी

युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये आर्क्टिक परिषदेच्या रशियाव्यतिरिक्त सातही सदस्य देशांनी परिषदेच्या कामकाजातील आपला सहभाग स्थगित केला. पाश्चात्त्य विद्यापीठे आणि संशोधन संस्थांनीही रशियन संस्थांशी असलेले संबंध मोठ्या प्रमाणावर तोडले. त्यामागील राजकीय कारणे उघड होती. मात्र त्याची एक किंमत टुंड्रात घरटी करणाऱ्या किनारपक्ष्यांच्या अभ्यासाला मोजावी लागत आहे.

हा अभ्यास दुरून होत नाही. आर्क्टिकचा उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा. बर्फ वितळू लागताच पक्षी येतात, जमिनीवरील उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालतात आणि सुमारे तीन आठवडे ती उबवतात. संशोधकांना तेवढ्याच काळात घरटी शोधावी लागतात, अंडी पाण्यात तरंगवून ती किती दिवसांची आहेत हे ठरवावे लागते आणि पिले बाहेर पडली की कोल्ह्याने डाव साधला, हे पुन्हापुन्हा जाऊन पाहावे लागते. एका हंगामाने काहीच सिद्ध होत नाही. लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांची संख्या घटली की कोल्हे अंड्यांकडे वळतात. तेव्हा वाईट वर्ष आणि वाईट काळ यांतील फरक कळण्यास दीर्घ, सलग नोंदीच हव्यात.

अशा नोंदी नसल्या की काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. गेल्या सत्तर वर्षांत आर्क्टिकमधील घरट्यांची लूट सुमारे तिपटीने वाढल्याचा निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात अन्य संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. अनेक जुन्या नोंदींत घरटे किती दिवस निरीक्षणाखाली होते, याची माहितीच नव्हती. ती अंदाजाने भरल्यामुळे वाढ दिसत असावी, असा त्यांचा मुद्दा होता. मूळ लेखकांनी आपला निष्कर्ष सोडला नाही. हा वाद युक्तिवादाने मिटणारा नाही. तो मिटेल टुंड्रातील नव्या मोजणीने.

आर्क्टिकचा जवळजवळ निम्मा भूभाग रशियाचा आहे. तेथील संशोधन केंद्रे वगळली तर संपूर्ण आर्क्टिकच्या बदलांचे चित्र एकांगी होते, असे ‘नेचर क्लायमेट चेंज’मधील २०२४ च्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

मुंबईकरांना हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. शिवडी आणि ठाणे खाडीच्या चिखलात हिवाळ्यात दिसणारा लिटल स्टिंट हा चिमुकला टिलवा आणि बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर हे मुख्यतः रशियन आर्क्टिकमध्येच घरटी करतात. यांपैकी कर्ल्यू सँडपायपरची गणना आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२४ मध्ये ‘असुरक्षित’ जातींत केली. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु पक्षी घटले, तर दोष खाडीतील भरावाचा की सैबेरियात पिलेच न जगल्याचा, हे केवळ खाडीकडे पाहून सांगता येणार नाही.

अंशतः मार्ग आहे. पिसांवरून पहिल्या वर्षाचे पक्षी ओळखता येतात. थव्यातील त्यांचे प्रमाण दरवर्षी मोजले, तर उत्तरेतील हंगाम कसा गेला याचा अंदाज बांधता येतो. ऑस्ट्रेलियात ही पद्धत अनेक वर्षे वापरात आहे. पक्ष्यांना कडी घालण्याची दीर्घ परंपरा असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेला आणि सरकारला अशा नियमित मोजणीचा विचार करता येईल. अर्थात, हंगाम का फसला हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी कोणीतरी टुंड्रात घरट्यापाशी जायलाच हवे. युद्ध थांबल्यावर संबंध पुन्हा जोडता येतील, पण दरम्यान न मोजलेले उन्हाळे परत मिळणार नाहीत.