मक्याची भाकरी आणि विसरलेला चुना

वाचकहो, 'आजीच्या हातचे' या दोन शब्दांवर अलीकडे औषधाहून अधिक विश्वास टाकला जातो. रक्तदाबाचा पट्टा दंडावरून सोडवण्याआधीच समोरून प्रश्न येतो, "डॉक्टर, आमच्या आजीने आयुष्यभर हेच खाल्ले आणि ती नव्वदी गाठून गेली, मग आम्हालाच मनाई का?" प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. असाच प्रश्न अमेरिकेत सध्या थेट राजकारणात शिरला आहे. २०२५ पासून तेथील आरोग्य खाते सांभाळणारे रॉबर्ट केनेडी ज्युनिअर हे बियांपासून काढलेल्या तेलांपेक्षा जुन्या पद्धतीने प्राण्यांच्या चरबीत तळलेले पदार्थ बरे, असे जाहीरपणे सांगत असतात. आजवरचा पुरावा या मताच्या बाजूने नाही, एवढेच येथे नोंदवतो. तेल आणि चरबी हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. आज लिहायचे आहे ते त्याच देशातील अशा एका स्वयंपाकघराविषयी, ज्याची आठवण अमेरिकन माणूस सर्वांत हळवेपणाने काढतो.

हे स्वयंपाकघर दक्षिणेकडील राज्यांतले: जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दोन्ही कॅरोलिना. बिडाच्या तव्यात भाजलेली मक्याची जाड भाकरी, डुकराच्या खारवलेल्या चरबीबरोबर तासन्‌तास शिजवलेली कोबीच्या कुळातील पालेभाजी, त्या भाजीचे उरलेले हिरवे पाणी आणि वर काकवीसारखा उसाचा पाक. या पाककलेत मूळ रहिवाशांचा मका आहे, युरोपातून आलेले डुक्कर आहे आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी स्त्रियांच्या हातांची चव आहे. आठवणी सांगताना या तिसऱ्या हातांचा उल्लेख मात्र पुष्कळदा राहून जातो.

या जेवणावरून तेथे चक्क राजकीय वाद रंगले आहेत. १९३१ मध्ये लुईझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या वृत्तपत्राचे संपादक ज्यूलियन हॅरिस यांच्यात वाद जुंपला, की भाजीच्या पाण्यात मक्याची भाकरी बुडवून खावी की कुस्करून. लाँग बुडवण्याच्या पक्षाचे, संपादक कुस्करण्याच्या. न्यूयॉर्कचे तत्कालीन गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कुस्करणाऱ्यांची बाजू घेतली आणि हा प्रश्न पक्षाच्या अधिवेशनात जाहीरनामा समितीकडे सोपवावा, अशी मिश्कील सूचना केली. आमटीत भाकरी कुस्करावी की तुकडा मोडून खावी यावर आपल्याकडेही घराघरांत मतभेद आहेत. तेव्हा यातली गंमत मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. पुढे १९३५ मध्ये सिनेटमध्ये एक विधेयक रोखण्यासाठी लाँग पंधरा तासांहून अधिक काळ बोलत राहिले, आणि बोलण्याचे विषय संपले तेव्हा त्यांनी याच भाजीच्या पाण्याची कृती सभागृहाला ऐकवली.

आता या गमतीची दुसरी बाजू. ज्या वर्षांत वर्तमानपत्रे बुडवणे आणि कुस्करणे यांवर स्तंभ भरत होती, त्याच वर्षांत ही भाकरी खाणारी हजारो माणसे दर वसंत ऋतूत आजारी पडत होती. आधी हातांच्या पाठी, पावले आणि गळा यांवरची त्वचा उन्हाने भाजल्यासारखी लाल होई, मग काळवंडून सोलून निघे. जीभ सोलवटे, जुलाब थांबत नसत. नंतर झोप उडे, चिडचिड वाढे, भ्रम होऊ लागत. अनेकांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होई आणि तेथेच शेवट होई. या रोगाचे नाव पेलाग्रा. मूळ शब्द इटलीतला, अर्थ 'खरखरीत कातडी'. कारण मका अमेरिकेतून युरोपात गेल्यानंतर हा रोग आधी स्पेन आणि उत्तर इटलीतल्या गरिबांत दिसला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख दगावले, असा अंदाज दिला जातो. आजाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक होते. घरात दूध किंवा मांस थोडे असले की ते आधी कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या आणि मग मुलांच्या पानात जाई, हे त्याचे एक कारण मानले जाते. आपल्याला हे कारण परके वाटू नये.

बहुतेक डॉक्टरांचे मत होते की हा रोग जंतूंमुळे पसरतो. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना तपासासाठी दक्षिणेत पाठवले. हे मूळचे मध्य युरोपातले, लहानपणी आईवडिलांबरोबर न्यूयॉर्कला आलेले. मनोरुग्णालये आणि अनाथालये पाहताना त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली: रोग आश्रितांना होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सेवकांना होत नाही. जंतू असा भेदभाव करीत नाहीत. ताट मात्र करते. मिसिसिपीतील दोन अनाथालयांत त्यांनी मुलांना दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये मिळतील अशी व्यवस्था केली. रोग नाहीसा झाला. १९१५ मध्ये त्यांनी उलट प्रयोग केला. तुरुंगाच्या शेतीवरील बारा कैदी शिक्षामाफीच्या बोलीवर तयार झाले. त्यांना मक्याची लापशी, पाव, भात, रताळी, उसाचा पाक असेच अन्न कित्येक महिने दिले. शेवटपर्यंत टिकलेल्या अकरांपैकी सहा जणांच्या अंगावर पेलाग्राची लक्षणे उमटली. आजच्या नीतिनियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि न बसणेच योग्य. तरीही टीकाकार हटेनात, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांच्या पत्नी मेरी आणि काही सहकारी यांनी रोग्यांचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. पुरुषांनी तर रोग्यांच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात कालवून गिळले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

वाचकहो, येथपर्यंतची गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत असते. मला अधिक महत्त्वाची वाटते ती तिच्यापुढची. गोल्डबर्गर यांच्याबरोबर एडगर सायडनस्ट्रिकर नावाचे अर्थतज्ज्ञ काम करीत होते. कादंबरीकार पर्ल बक यांचे हे थोरले बंधू. दोघांनी दक्षिण कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या सात वसाहतींत घरोघर फिरून कोण काय खाते आणि किती कमावते याची नोंद केली. उत्पन्न जितके कमी तितका पेलाग्रा अधिक, हे त्यातून स्पष्ट दिसले. आणि उत्पन्न कमी का? कापूस. कुळांनी वाट्याने कसायची जमीन, जमीनदाराच्याच दुकानातून वर्षभर उधारीवर मिळणारे मक्याचे पीठ, चरबी आणि पाक, आणि दाराच्या उंबऱ्यापर्यंत लावलेला कापूस. परसात भाजीपाला लावायला आणि गाय बांधायला जागाच उरत नसे. रोगाचे औषध दूध आणि मांस हे खरे. पण ते लिहून देणाऱ्या डॉक्टरला जमीनधारणेची पद्धत बदलता येत नव्हती.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. गोल्डबर्गर यांनी पेलाग्राची लाट येणार, असा इशारा दिला. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी दक्षिणेतील उपासमारीची जाहीर दखल घेऊन मदतीचे आवाहन केले, तेव्हा दक्षिणेतले पुढारी आणि व्यापारी संघ कृतज्ञ होण्याऐवजी संतापले. आमच्या प्रांतात उपासमार नाही, ही आमची बदनामी आहे, गुंतवणूक पळेल, पर्यटक येणार नाहीत, असा त्यांचा सूर होता. पुढे परराष्ट्रमंत्री झालेले जेम्स बर्न्स तेव्हा दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी होते. विरोधात तेही आघाडीवर होते. १९२८च्या सुमारास मृत्यूंचा आकडा शिगेला पोहोचला. १९२९ मध्ये गोल्डबर्गर कर्करोगाने वारले, तेव्हा अन्नातला नेमका कोणता घटक कमी पडतो हे ठाऊक नव्हते. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेहेम यांनी तो शोधला: निकोटिनिक आम्ल, ज्याला आपण आज नायसिन म्हणतो. तंबाखूतल्या निकोटिनशी घोटाळा नको म्हणून हे नवे नाव रूढ केले गेले.

पण मका तर मेक्सिकोतील माणसे हजारो वर्षे खात होती. त्यांना पेलाग्रा का झाला नाही? उत्तर जुन्या स्वयंपाकात आहे. तेथील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच भिजू देतात, सकाळी चोळून धुतात आणि मग दगडावर वाटतात. उत्तर अमेरिकेतील अनेक मूळ जमाती चुन्याऐवजी लाकडाच्या राखेचे पाणी वापरीत. मक्यातले नायसिन असे बांधलेले असते की आतड्यांना ते सुटे करून घेता येत नाही. चुना किंवा राख ते सुटे करते. युरोपीय लोकांनी मका घेतला, रात्रभराचा तो व्याप मागेच ठेवला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्या मक्याचा अंकुरही काढून टाकू लागल्या, कारण अंकुरातल्या तेलाने पीठ लवकर खवट होते. साठवायला सोयीचे झालेले हे पीठ पोषणाला आणखी निकृष्ट झाले. दक्षिणेतला अमेरिकन माणूस ज्या भाकरीला 'आजीची भाकरी' म्हणून डोळ्यांत पाणी आणतो, ती पुष्कळदा या गिरणीच्या पिठाची भाकरी असते. तिच्याही आधीच्या आजीची कृती तोवर विसरली गेली होती.

आपला या गोष्टीशी संबंध दूरचा नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच ज्यांचे जवळजवळ एकमेव अन्न होते, अशा शेतमजुरांत पेलाग्रा आढळत असे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असा विचार मांडला की ज्वारीत ल्युसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण अधिक असल्याने शरीरात नायसिन तयार होण्यात अडथळा येतो. या स्पष्टीकरणावर पुढे बरीच चर्चा झाली. रोग होता याबद्दल मात्र वाद नाही. २०२३ हे भारताच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीची भाकरी पुन्हा मानाच्या पानावर आली, याचा मला आनंदच आहे. मात्र वजन उतरवण्यासाठी नुसती कांदा-भाकरी आणि ठेचा खाऊन राहणारी मंडळी भेटतात, तेव्हा काळजी वाटते. ते ताट आपल्या पूर्वजांनी आवडीने निवडलेले नव्हते. पुष्कळ घरांत त्याखेरीज काही मिळतच नव्हते. भाकरीबरोबर उसळ किंवा डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक-दूध, चालत असेल तर अंडे किंवा मासळी असावी. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते.

पेलाग्रा आज क्वचित दिसतो; पण मद्यपान फार असलेले, क्षयावर आयसोनियाझिड घेणारे, दीर्घकाळ जुलाबाने खंगलेले आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढणारे एकटे वृद्ध यांच्यात तो संभवतो. हातांच्या पाठी आणि गळा दोन्ही बाजूंनी सारखेच काळवंडले, जीभ लाल होऊन झोंबू लागली, जुलाब होत असले आणि स्वभाव बदलल्यासारखा वाटला, तर ते उन्हावर किंवा वयावर न ढकलता डॉक्टरांना दाखवावे. नायसिनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत त्या अंग लाल करतात, यकृतालाही इजा करू शकतात. आणि हा लेख वाचून कोणी तंबाखूच्या डबीतला चुना पिठात घालू नये, ही विनंती.

आपली मुले-सुना अमेरिकेत असतील आणि त्यांच्याकडे जाणे झाले, तर दुकानात मक्याच्या पिठाच्या दोन पाकिटांच्या मागची बारीक अक्षरे पाहावीत. भाकरीसाठीच्या पिठावर बहुधा 'एन्रिच्ड' असा शब्द आणि घटकांत नायसिन आढळेल. पिठात ते मिसळण्याची रीत १९४०च्या दशकात रूढ झाली. शेजारच्या मांडणीवरील मेक्सिकन पोळ्यांच्या पिठाच्या घटकांत दुसराच शब्द असेल: 'लाइम', म्हणजे चुना.