परीक्षेत एकदा डेस्कटॉप रिकामा करून द्या

प्रति,
महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, पुणे



२००१ साली आपली संस्था उभी राहिली आणि पाठोपाठ एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोचले. कराड, फलटण, विटा, तासगाव इथल्या कितीतरी जणांच्या हातात पहिला माऊस आला तो याच वर्गांत. म्हणून हे पत्र सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

सातारा-सांगली पट्ट्यात संगणक दुरुस्तीला फिरताना एक हाक सारखी कानावर येते, "स्क्रीनवरचं सगळं गेलं!" सेवा केंद्रातले दाखल्यांचे अर्ज, छापखान्यातल्या लग्नपत्रिका, बेदाण्याच्या अडत्याचा हिशोब, सगळे डेस्कटॉपवरच ठेवलेले असते. गर्दी वाढली की कुणीतरी फेन्सेससारखे, आयकॉन चौकटींत लावणारे सॉफ्टवेअर बसवून देतो. मग रिकाम्या जागी चुकून डबल-क्लिक होते आणि सगळे आयकॉन दिसेनासे होतात. ही त्या सॉफ्टवेअरची सोय आहे, पुन्हा डबल-क्लिक केले की सगळे परत दिसते. ज्याला हे कुणी सांगितलेले नाही तो मात्र घाबरतो आणि संगणक फॉरमॅट करायला देतो.

खरे नुकसान होते ते इथे. डेस्कटॉप हा सहसा सी ड्राइव्हवरचाच एक फोल्डर असतो. विंडोज नव्याने टाकताना तो ड्राइव्ह पुसला की वर्षांचे काम त्याच्याबरोबर जाते. आणि त्याआधी बहुतेक वेळा काही गेलेलेच नसते! प्रोजेक्टर जोडला, रिझोल्यूशन बदलले, संगणक सेफ मोडमध्ये सुरू झाला की आयकॉनची मांडणी विस्कटते, फाइल मात्र जागची हलत नाही. डेस्कटॉपवर रिकाम्या जागी राइट-क्लिक करून ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’वर खूण आहे का पाहावे. आयकॉन आपोआप एका रांगेत जाऊन बसत असतील तर ‘ऑटो अरेंज’ची खूण काढावी. तरीही काही दिसले नाही तर सी ड्राइव्हच्या ‘युजर्स’मध्ये आपल्या नावाखालचा ‘डेस्कटॉप’ उघडावा. तिथेही नसेल तर वनड्राइव्हच्या फोल्डरात शोधावे. त्याचा बॅकअप बंद केल्यावर फाइली पुष्कळदा तिथेच राहिलेल्या असतात. डेस्कटॉप-ओकेसारखे मोफत सॉफ्टवेअर मांडणी जपून ठेवते आणि एका क्लिकवर परत लावते. पण ती फक्त मांडणी, फाइलची प्रत नव्हे. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचे फारसे शिकवावे लागत नाही.

सांगलीकरांना हे अधिकच गरजेचे आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी चढत असताना घाईने पेन ड्राइव्ह भरायची वेळ या भागात पुन्हा येणार आहे. त्या घाईत कोपऱ्यात छोटा बाण असलेला शॉर्टकटच कॉपी झाला, तर दुसऱ्या संगणकावर तो उघडणार नाही आणि मूळ फाइल पाण्यात राहील.

तेव्हा विनंती एवढीच, की एमएस-सीआयटीच्या परीक्षेत एकदा विद्यार्थ्यापुढे आयकॉन लपवलेला संगणक ठेवा. त्याने फाइल शोधावी, दुसऱ्या ड्राइव्हवर तिची खरी प्रत करावी आणि ती तिथून उघडून दाखवावी. या कामाला भरघोस गुण द्या, म्हणजे केंद्रचालक ते मन लावून शिकवतील.

आपला,
साताऱ्याचा एक संगणक दुरुस्तीवाला